आत जाणं वेगळं, सामना दिसणं वेगळं: मुंबईच्या दिव्यांग फुटबॉलप्रेमींसाठी

माझे मामा गिरगावचे. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी. रोव्हर्स कपचे दिवस आले की ऑफिस सुटल्यावर कूपरेज मैदान गाठायचं आणि कठड्याला टेकून नव्वद मिनिटं उभं राहायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. १८९१ साली मुंबईत सुरू झालेली ती स्पर्धा शतक पालटता पालटता बंद पडली. पुढे मामांच्या दंडांतली ताकदही ओसरत गेली. लहानपणी पोलिओ होऊन गेलेल्या अनेकांना उतारवयात असं होतं. कुबडीच्या जागी व्हीलचेअर आली आणि फुटबॉल टीव्हीपुरता उरला. "टीव्हीवर बॉल दिसतो गं, मैदान दिसत नाही," असं ते म्हणायचे.

म्हणून मी त्यांना एका सामन्याला घेऊन गेले. तिकीट मिळालं, रॅम्प होता, आतल्या पोरांनी मदत केली, बसायला जागाही दिली. विसाव्या मिनिटाला गोल झाला आणि पुढच्या चार रांगा एकदम उठून उभ्या राहिल्या. मामांना दिसल्या फक्त पाठी. "कोणी मारला?" त्यांनी मला विचारलं. उरलेला सामना मी त्यांना सांगत होते आणि ते मान हलवत होते. घरून निघून घरी परत येईपर्यंत आम्ही साडेसहा तास घालवले होते आणि सामना त्यांनी ऐकला होता.

त्यानंतर आम्ही दोघांनी हळूहळू एक पद्धत बसवली. ती इथे क्रमाने सांगते. उदाहरणं बहुतेक अंधेरी पश्चिमेच्या मुंबई फुटबॉल अरेनाची आहेत, कारण मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचं घर २०१६ पासून तेच. पण नेरुळचं डी. वाय. पाटील असो की कूपरेज, पद्धत तीच लागू पडते.

आधी समजून घ्या: कोणाला काय विचारायचं

मैदानावर अडचण आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि त्यामागे खरं कारण आहे. अंधेरी क्रीडा संकुल महापालिकेच्या बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानाचं. सामना भरवणारा क्लब वेगळा. तिकीट विकणारी कंपनी तिसरी, दारावरची झडती बहुधा खासगी सुरक्षारक्षकांकडे, बाहेरचा रस्ता वाहतूक पोलिसांकडे. पायरी, टॉयलेट, लिफ्ट ही इमारतीची बाब. जागा, सोबत्याचं तिकीट, पुन्हा आत येण्याची परवानगी ही क्लबची. तिकीट-कंपनीच्या हेल्पलाइनवर टॉयलेटच्या दाराची रुंदी विचारून काही हाती लागत नाही. मी विचारून पाहिली आहे. क्लबलाच लिहा, आणि प्रतिष्ठानाला त्याची प्रत द्या.

दहा दिवस आधी: मोजता येतील असे प्रश्न

"तुमच्याकडे दिव्यांगांसाठी सोय आहे का?" असं विचारलंत की उत्तर "हो, आहे" असंच येतं. कुठेतरी एक रॅम्प असतो, त्यामुळे ते खोटंही नसतं. म्हणून इंचांत आणि सेंटीमीटरमध्ये विचारा, आणि फोन केलात तरी नंतर ईमेलवर लिहा. आमचा मजकूर साधारण असा असतो:

"आम्ही दोघे अमुक तारखेच्या सामन्याला येत आहोत. त्यांपैकी एक जण व्हीलचेअर वापरतात. खुर्चीची बाहेरून रुंदी ६६ सेंटीमीटर. ते खुर्चीतून उठून दुसऱ्या आसनावर बसू शकत नाहीत. कृपया कळवावे: १) कोणत्या फाटकातून जागेपर्यंत एकही पायरी नाही? असल्यास किती आणि किती उंचीच्या? २) व्हीलचेअरच्या जागेपासून सर्वांत जवळच्या टॉयलेटच्या दाराची मोकळी रुंदी किती? आत खुर्ची वळते का? ३) पुढचे प्रेक्षक उभे राहिले तरी मैदान दिसते का? शक्य असल्यास त्या जागी खुर्चीवर बसून काढलेला एक फोटो पाठवावा. ४) सोबत्याचे आसन शेजारीच आहे ना? ५) सामन्याच्या दिवशी फाटकावर कोणाला फोन करावा?"

फोटोची मागणी सोडू नका. तो काढायला कोणाला तरी खरोखर त्या जागी जाऊन बसावं लागतं, आणि तिथे बसल्यावर त्यांनाच कळतं की समोर जाहिरातीचा फलक आहे. पाचवा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. सामन्याच्या संध्याकाळी ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही. एका माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर हाताशी हवा.

उत्तर आलं की त्याचा छापील कागद घ्या. दारावरचा रक्षक तुमचा मोबाइल वाचत बसणार नाही, पण कागदाला मान देतो.

जागा: इथेच सगळं ठरतं

व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२५ सेंटीमीटरवर असतात. पुढे उभ्या माणसाचं डोकं १६५-१७० वर. म्हणजे तुमची जागा पुढच्या रांगेपेक्षा निदान ६० सेंटीमीटर, सुमारे दोन फूट, उंच नसेल तर गोलच्या क्षणी तुम्हाला पाठीच दिसणार. आणि फुटबॉलमध्ये जे बघायचं ते नेमकं सगळे उभे राहतात तेव्हाच घडतं. क्रिकेटला माणसं चौकारानंतर उठतात. इथे बॉल पेनल्टी बॉक्सजवळ गेला की आधीच उठतात.

सगळ्यांत पुढची रांग मोहात पाडते. पण तिथे जाहिरातीच्या फलकांमागे जवळची टचलाइन लपते, फोटोग्राफर आणि रक्षक येऊन समोर उभे राहतात, शिवाय इतक्या खालून मैदानाची खोली कळत नाही. बॉल वीस यार्डांवर आहे की चाळीस, तेच समजत नाही. आम्हाला सर्वांत चांगली वाटलेली जागा म्हणजे खालच्या स्टँडच्या मागच्या बाजूला, माणसं ये-जा करतात त्या मार्गाला लागून असलेला उंच ओटा. पुढे पायऱ्यांचा उतार असल्याने उभी माणसं नजरेच्या खाली राहतात. तुमच्या मैदानावर असा ओटा असेल तर तोच मागा. नसेल, तर कोपऱ्याजवळची, पुढे जिन्याची मोकळी वाट येते अशी जागा विचारा. वाट रिकामी ठेवणं रक्षकांना बंधनकारक असतं, म्हणून समोर कोणी उभं राहत नाही.

कुबड्या, कॅलिपर किंवा कृत्रिम पाय असेल तर गणित वेगळं. रांगेच्या टोकाचं आसन, वाकत नसलेला पाय ज्या बाजूला मोकळा सोडता येईल त्या बाजूचं, आणि दारापासून मोजक्या पायऱ्यांवरचं. तिकीट काढताना स्टँडचं नाव पाहून भागत नाही. रांगेचा क्रमांक पाहा आणि क्रमांक वरून सुरू होतात की खालून, ते विचारा. स्टँड चढायला लागतं तितकंच उतरायलाही लागतं, आणि कॅलिपर घातलेल्या माणसाला उतरणं जास्त अवघड.

सोबती शेजारीच हवा. मागच्या रांगेत किंवा दहा फुटांवर बसवलेला सोबती काही कामाचा नाही. युरोपात युएफा या फुटबॉल महासंघाने २००९ साली दिव्यांग प्रेक्षकांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहण्यास मदत केली. तिथल्या मार्गदर्शक सूचनांत सोबत्याचं शेजारचं आसन आणि उभ्या गर्दीवरून दिसणारी नजर, या दोन्ही गोष्टी मूलभूत मानल्या आहेत. क्लबशी बोलताना याचा उल्लेख जरूर करा. आपण काही अवाजवी मागत नाही, हे समोरच्याला लगेच कळतं.

कागद आणि पिशवी

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मूळ स्वरूपात जवळ ठेवा, मोबाइलमध्येही फोटो असू द्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. स्वमग्नता, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया हे आता त्यात येतात. दिसत नसलेलं दिव्यांगत्व असेल तर दारावर वाद घालत बसण्यापेक्षा कार्ड दाखवणं सोपं.

मैदानात पाण्याची बाटली, पॉवर बँक, लोखंडी वस्तू नेऊ देत नाहीत. म्हणून इन्सुलिन, कॅथेटर, आत असताना घ्यायची औषधं, प्रेशर कुशन, खुर्चीचा पाना, विजेच्या खुर्चीची बॅटरी या सगळ्यांचा उल्लेख असलेली डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी घ्या आणि त्याच ईमेलमध्ये आधी कळवा. वस्तू पारदर्शक पिशवीत वेगळ्या ठेवल्या की झडती लवकर होते.

प्रवास

लोकलने जाणार असाल तर मामांचं स्पष्ट मत: जाऊ नका, निदान संध्याकाळी साडेपाच-सहाला विरार दिशेने तरी नको. दिव्यांग डब्यासमोर नीट उभं राहिलं तरी फलाट आणि डबा यांतली फट आणि उंचीचा फरक खुर्चीला पेलत नाही, आणि अर्ध्या मिनिटात चढायचं असतं. कुबडीवर असताना त्यांनी आयुष्यभर केलं ते. खुर्चीवरून होत नाही.

मेट्रोने मात्र चित्र पालटलं. अरेनाला सर्वांत जवळचं स्टेशन मेट्रो १ वरचं आझाद नगर. बोरिवली, कांदिवली, मालाड पश्चिमेकडून येणाऱ्यांनी मेट्रो २अ ने अंधेरी पश्चिम गाठावं, पुलावरून डी. एन. नगरला यावं आणि एक स्टेशन पुढे यावं. गोरेगाव-दहिसर पूर्वेकडून मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून पुलाने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्टेशन. मध्य रेल्वेवाल्यांना घाटकोपरहून थेट गाडी. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून आम्ही गिरगावलाच खाली उतरतो, मरोळ नाक्याला गाडी बदलतो आणि आझाद नगरला बाहेर पडतो. डबा आणि फलाट एका पातळीत, लिफ्ट, रुंद गेट. मामा पहिल्यांदा त्या गाडीत स्वतः चाकं फिरवत शिरले, तेव्हा मी खुर्चीच्या मुठीवरचा हात काढून घेतला होता. गाडी बदलताना लिफ्टच्या रांगेसाठी वीस मिनिटं जास्तीची धरा. लिफ्ट कोणत्या बाजूच्या जिन्याशी आहे ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर चुकीच्या फुटपाथवर उतरून रस्ता ओलांडावा लागतो.

स्टेशनपासून मैदानापर्यंतचा फुटपाथ हा खरा अडथळा. खोदकाम, उभ्या दुचाकी, झाडांच्या मुळांनी उचललेल्या फरश्या. सामन्याआधी एक दिवस कोणीतरी ही वाट पायी पाहून यावी. आम्ही स्टेशनवरून रिक्षा करतो. घडीची खुर्ची मागच्या सीटवर मामांच्या शेजारी बसते. टॅक्सी करणार असाल तर लक्षात ठेवा, सीएनजीच्या टाकीने डिकी भरलेली असते आणि खुर्ची मावत नाही. बुक करताना ड्रायव्हरला फोन करून डिकीचंच विचारा.

सामना साडेसातचा असेल तर सहाला फाटकावर पोचा. उशिरा आलेल्या गर्दीत खुर्ची अडकली की माणसं ओलांडून जातात, आणि बसलेल्याच्या तोंडासमोर पिशव्या येतात.

फाटकावर

धातूशोधक यंत्र खुर्ची, कॅलिपर, कृत्रिम पाय, सगळ्यांवर वाजतं. पेसमेकर असेल तर कार्ड दाखवून हाताने झडती मागा. कुबडी किंवा पांढरी काठी बाहेर ठेवायला सांगितली तर ठेवू नका. तो शरीराचा भाग आहे असं शांतपणे सांगा आणि ज्यांचा नंबर घेतलाय त्यांना फोन करा. रक्षक दुष्ट नसतात. त्यांना "काठी नको" एवढंच सांगितलेलं असतं.

सोबत्याला एक विनंती. रक्षक तुमच्याशी बोलू लागला, "यांना कुठे बसवायचं?" असं विचारू लागला, की एक पाऊल मागे सरका. उत्तर खुर्चीवरच्या माणसाला देऊ द्या.

आत शिरल्याबरोबर पहिलं काम म्हणजे टॉयलेट पाहून येणं. दाराला कुलूप नाही ना, आत बादल्या-झाडू ठेवलेले नाहीत ना, आतून कडी लागते ना. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते सामना सुरू होण्याआधीच शोधा. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं आणि सगळं स्टँड तेव्हाच उठतं, त्यामुळे चाळिसाव्या मिनिटाला जा किंवा दुसरा हाफ सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी. त्रास नको म्हणून दुपारपासून पाणीच न पिणारे पुष्कळ आहेत, मामाही करायचे. मणक्याला इजा असलेल्यांनी हे मुळीच करू नये. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर लघवी तुंबल्याने रक्तदाब अचानक धोकादायक चढू शकतो, आणि घाम नीट येत नसल्याने मुंबईच्या उकाड्यात शरीर तापतं. ओला रुमाल मानेवर ठेवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचला किंवा पुढे झुका, म्हणजे दाबाने जखम होणार नाही. स्कोअरबोर्डवरचं घड्याळ समोरच असतं, त्याचा उपयोग करा.

आणखी एक प्रश्न: आग लागली किंवा पळापळ झाली तर बाहेर कसं पडायचं? लिफ्ट तेव्हा वापरायची नसते. आमची रीत अशी की जवळच्या दोन धडधाकट पोरांशी आधीच ओळख करून घ्यायची. खुर्ची जिन्यावरून उतरवायची वेळ आलीच तर तोंड खालच्या दिशेला, खुर्ची मागे कललेली, ताकदवान माणूस मागे मुठींवर आणि दुसरा पुढे खालच्या फ्रेमला धरून. हाताचे टेकू आणि पायाच्या पट्ट्या धरू नका, त्या निघून हातात येतात.

दिसत नसेल तर

मामांचे एक मित्र अंध आहेत. त्यांना घेऊन जाताना आधी वाटलं, मोबाइलवरचं समालोचन कानाला लावू. पण ते प्रत्यक्षापेक्षा बरंच मागे असतं. मैदान गोल म्हणून ओरडतं आणि कानात अजून थ्रो-इन चाललेला असतो. म्हणून शेजारच्यानेच सांगायचं. त्याला दिशा हव्यात, आणि "डावीकडे-उजवीकडे" याने घोळ होतो. मैदानं बहुधा दक्षिणोत्तर असतात, तेव्हा आम्ही मुंबईच्याच दिशा घेतल्या: एक गोल चर्चगेटचा, दुसरा विरारचा. एक टचलाइन समुद्राकडची, दुसरी स्टेशनकडची. "बॉल समुद्राच्या बाजूला, विरारकडे, कॉर्नरपासून दहा पावलं, आपल्या संघाकडे." एवढ्यात चित्र उभं राहतं.

क्रम नेहमी एकच ठेवा: आधी कुठे, मग कोणाकडे, मग काय. आणि गर्दीचा आवाज चढला की थोडं थांबा. तो आवाजही त्यांना ऐकायचा असतो. गोल झाल्यावर त्यांच्या तळहातावर बोटाने हल्ल्याची रेघ काढून दाखवा, पास कुठून कुठे गेला ते. ऐकू आणि दिसू दोन्ही येत नसलेल्यांसाठीही हेच चालतं. २०२२ च्या कतार विश्वचषकात फिफाने इंग्रजी आणि अरबीत खास वर्णनात्मक समालोचन दिलं होतं. मराठीत ते करायला आपल्या कॉलेजांतली दोन बोलकी मुलं आणि चार हेडफोन पुरतील. क्लबला हेही लिहा.

ऐकू न येणाऱ्यांचा खेळ डोळ्यांनी पुरता होतो, पण घोषणा चुकतात. गाडी काढा, फाटक बदललं, सामना थांबला का, हे त्यांना कळत नाही. पडदा दिसेल अशी जागा घ्या आणि क्लबकडे मेसेजवर कळवण्याची व्यवस्था मागा.

स्वमग्न मुलाला नेताना ढोल वाजवणाऱ्या समर्थकांपासून लांबचं स्टँड निवडा. कान झाकणारे हेडफोन घरी आठवडाभर घालून सवय करा. रिकाम्या मैदानाचे फोटो आधी दाखवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याची लेखी परवानगी, कारण तिकिटावर सहसा ती नसते. पहिल्या वेळी फक्त पहिला हाफ पाहून निघालात तरी तो पूर्ण सामनाच.

परत येताना

साडेसातचा सामना साडेनऊच्या आसपास संपतो. मेट्रोच्या शेवटच्या गाडीची वेळ त्याच दिवशी तपासा, विशेषतः दोन मार्ग बदलायचे असतील तर. आम्ही एकतर पाच मिनिटं आधी निघतो किंवा वीस मिनिटं बसून राहतो. मधला काळ खुर्चीसाठी धोक्याचा.

नाहीच झालं तर

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम ३० खेळाबद्दल, कलम ४५ सध्याच्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याबद्दल, कलम ४६ सरकारी आणि खासगी सेवा देणाऱ्यांबद्दल. ही पाच वर्षं २०१७ च्या नियमांपासून मोजायची, म्हणजे मुदत उलटून गेली. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख दंड आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, बंधनकारक हवेत. तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते.

पण आधी क्लबला आणि इमारतीच्या मालकाला पुराव्यासह लिहा. फोटो काढताना पायरीशेजारी मोजपट्टी उभी धरा, आकडा दिसू द्या. काय हवं तेही आकड्यांत सांगा. रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा रॅम्प. दार ९० सेंटीमीटर. खुर्ची वळायला दीड मीटर मोकळी जागा.

आम्ही असंच एक पत्र लिहिलं होतं, एका मैदानाच्या टॉयलेटपुढच्या सहा इंची पायरीबद्दल. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तर तिथे प्लायवूडचा उतार ठोकलेला होता. मामांनी पिशवीतून टेप काढून मला दिला. पाच फूट दहा इंच भरला. "दोन इंच कमी आहे," ते म्हणाले, आणि माझी वाट न पाहता वर चढून गेले.